उताराच्या मोठ्या आवारात ट्रॅक्टरमागे ओढायचे पाने शोषणारे यंत्र चालेल का?

पेनसिल्व्हेनियातील दोन एकर उताराच्या आवारासाठी आपण हे विचारले आहे. यंत्र चालेल, पण आधी उतार मोजावा. बसून चालवायच्या गवतकापणी ट्रॅक्टरसाठी साधारणपणे 15 अंशांची, म्हणजे 10 फुटांमागे सुमारे पावणेतीन फूट चढाची, कमाल मर्यादा सांगितली जाते. मागे या यंत्राची पाने साठवणारी गाडी जोडल्यावर मात्र ती आणखी कमी धरावी लागते आणि आपल्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेतील आकडाच अंतिम मानावा.

खरा धोका चढताना नव्हे, तर उतरताना असतो, कारण भरलेली गाडी ट्रॅक्टरला मागून ढकलू लागते, मागची चाके ओल्या पानांवरून घसरतात आणि ब्रेक दाबूनही वेग आवरत नाही. म्हणून गाडी अर्धीच भरावी, उतारावर आडवे न जाता सरळ वर-खाली जावे, वळण सपाट जागी घ्यावे आणि कमी गिअरमध्येच उतरावे. माझ्या मते सर्वांत तीव्र भागात यंत्र नेऊच नये. तेथील पाने ब्लोअरने खाली सपाटीवर आणून मग शोषून घ्यावीत.

पाने कोरडी असतानाच हे काम काढावे. मेपलची भिजलेली पाने नळीच्या वळणावर एकावर एक चिकटून घट्ट बोळा होतो. तो काढण्यापूर्वी इंजिन बंद करून, पंखा पूर्ण थांबू देऊन, स्पार्क प्लगची तार काढल्याशिवाय आत हात घालू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.