अमेरिकेतल्या रटगर्स कॉलेजचा 1869 चा पहिला फुटबॉल हंगाम नेमका कसा होता? त्याला अमेरिकन फुटबॉल म्हणावं का?

हंगाम म्हणजे जेमतेम दोन सामने, दोन्ही प्रिन्स्टनच्या कॉलेजविरुद्ध. 6 नोव्हेंबर 1869 ला आपल्या गावी, न्यू ब्रन्सविकमध्ये, रटगर्स 6–4 ने जिंकलं. 13 नोव्हेंबरला प्रिन्स्टनच्या मैदानावर 0–8 असा सपाटून मार खाल्ला. ठरलेला तिसरा सामना झालाच नाही.

आकडे बघून सहा गुणांचा टचडाउन (आजच्या अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू गोलरेषेपार नेणं) वाटेल, पण तसं नाही. एक गोल म्हणजे एक गुण. पहिल्या सामन्यात दहा गोल होईपर्यंत खेळायचं ठरलं होतं. प्रत्येक बाजूला 25 खेळाडू, चेंडू गोल, मैदान 360 बाय 225 फूट. चेंडू हातात घेऊन पळायला किंवा फेकायला मनाई. लाथेने, डोक्याने किंवा हाताने टोलवायचा. रटगर्सची रचना मात्र पक्की होती: दोघं प्रतिस्पर्ध्याच्या गोलपाशी, 11 जण बचावाला आणि उरलेले 12 चेंडूमागे.

मग आठवड्यात निकाल इतका कसा उलटला? नियमांमुळे. दुसरा सामना प्रिन्स्टनच्या नियमांनी झाला. त्यात हवेतला चेंडू झेलला की फ्री किक, म्हणजे कुणी न अडवता लाथ मारायची संधी, मिळे. प्रिन्स्टनचे खेळाडू उंच, त्यामुळे त्यांचं फावलं. पहिल्या सामन्यात ही सवलत नव्हती, शिवाय रटगर्सचा कर्णधार विल्यम लेगेटने चेंडू जमिनीलगत ठेवायला लावून त्यांची उंची निकामी केली होती. माझ्या मते हीच त्या हंगामातली सर्वांत हुशार चाल.

म्हणजे नात्याने हा खेळ सॉकरच्या जवळचा. चेंडू घेऊन धावणं 1874 च्या हार्वर्ड आणि कॅनडातल्या मॅकगिल या विद्यापीठांच्या सामन्यांनंतर रुजलं.