इशापूरची रायफल, कापू की ठेवू?

प्रश्न : मी ओहायोत राहतो. इथे सेकंडहँड विक्रीत १९६७ सालची इशापूर २ए१ रायफल (पश्चिम बंगालमधल्या इशापूरच्या सरकारी कारखान्यातली) घेतली. दस्ता काळा, चिकट झालाय. पॉलिशपेपरने घासून, नळी छोटी करून तिला शिकारी रायफलचं रूप द्यावं का?

उत्तर : अहो, करवत आधी खाली ठेवा! मी फौजेत आर्मरर, म्हणजे बंदुका दुरुस्त करणारा होतो, अशा बंदुका रोज उघडल्या आहेत. ही जुनी .३०३ (ब्रिटिश काळातली ली-एनफील्ड रायफल) बदलून केलेली नाही. १९६०च्या दशकात इशापूरला ७.६२ मि.मी.च्या काडतुसासाठी जास्त मजबूत पोलादात नव्यानं घडवलेली आहे. नळी एकदा कापली की परत येत नाही, आणि संग्राहकाच्या लेखी किंमतही पडते.

काळेपणा बहुधा जुन्या ग्रीसचा असतो. लाकूड सुटं करून उन्हात ठेवा, वर येईल ते फडक्यानं टिपा. पॉलिशपेपर नकोच, त्यानं लाकडावरचे कारखान्याचे शिक्के जातात. मग जवसाचं तेल, बोटानं, अगदी पातळ. तेलाची फडकी मात्र चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेटतात. एकदा आमच्या वर्कशॉपची कचरापेटी अशीच धुमसली होती. शिव्या मला बसल्या.

मॅगझिनच्या पुढे लाकडातून आरपार गेलेला स्क्रू दिसेल. कुणाची ठिगळपट्टी समजून काढू नका, तो इशापूरचाच आहे, लाकूड फाटू नये म्हणून.

गोळी झाडण्याआधी तिथल्या गनस्मिथकडून बोल्ट (काडतूस मागून बंद करणारा दांडा) आणि चेंबर (नळीतली काडतुसाची जागा) यांच्यामधलं अंतर गेजनं, म्हणजे मापकानं, तपासून घ्या. शिकारीसाठी दुसरी घ्या की!