नऊ किलोचं ब्लँकेट स्वस्तात मिळतंय, घेऊ का?

"मॅडम, रात्र रात्र डोळा लागत नाही. भावाने मुंबईहून वजनाच्या ब्लँकेटची लिंक पाठवलीय. नऊ किलोचं आहे, सेलमध्ये पाच किलोच्या भावात. घेऊन टाकू?"

दापोलीकडच्या किनाऱ्यावरच्या गावातल्या या ताई. वय पस्तिशीचं, नवरा मालवाहू जहाजावर, घरी सासूबाई आणि अडीच वर्षांची लेक. (ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.) शांत झोप लागावी म्हणून आत मणी किंवा दाणे भरून मुद्दाम जड केलेलं हे ब्लँकेट. हल्ली त्याबद्दलचा प्रश्न वरचेवर येतो, आणि जितकं जड तितकं गुणकारी असं बरेचजण धरून चालतात.

ढोबळ हिशोब असा, की ब्लँकेट आपल्या वजनाच्या दहाव्या भागाइतकं असावं. ताई ५४ किलोच्या. म्हणजे साडेपाचच्या आसपास; आपल्याकडच्या दमट हवेत मी पाचच सांगते. नऊ किलोचं ते डबल साइजचं होतं. एकट्या माणसाला ते नको, कारण गादीखाली लोंबणारा भाग रात्रभर बाकीचं ब्लँकेट खाली ओढत राहतो.

पण वजनाआधी मी दुसरंच विचारलं. घोरता का? श्वास अडकून दचकून जाग येते का? दमा? गर्दीच्या एसटीत जीव घुसमटतो का? यातलं एक जरी 'हो' असतं, तर आधी डॉक्टरांकडे पाठवलं असतं. सगळ्याला 'नाही' आलं.

"आणि लेक कुठे झोपते?"

"माझ्या कुशीत. दुसरीकडे कुठे?"

इथे मात्र मी अडले. तान्ह्या बाळाच्या अंगावर किंवा जवळपासही अशी जड पांघरुणं नकोत, असं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ साली स्पष्ट सांगितलं आहे. ताईंची लेक तान्ही नसली, तरी पाच किलो तोंडावर आलं तर ते स्वतः बाजूला करण्याइतकी ताकद तिच्या हातात नाही. लेकीची गादी आजीजवळ घातली जाणार असेल तरच पुढे बोलू, म्हटलं. सासूबाई लगेच तयार झाल्या, ताईंनाच आठवडा लागला.

पुढच्या वेळी त्यांना माझ्याकडचं पाच किलोचं अंगावर घेऊन कोचावर पडायला सांगितलं. पहिली दोन मिनिटं हसू आवरेना. मग कूस बदलून पाहायला लावली, पाय पोटाशी घ्यायला लावले, शेवटी एका हाताने ब्लँकेट भिरकावायला सांगितलं. ते जमायलाच हवं. गळ्यापर्यंत ओढू नका, खांद्याखालीच ठेवा, हेही तेव्हाच. पंधरा मिनिटांनी उठल्या तेव्हा घट्ट आवळलेला जबडा सैल झालेला होता, पण पाठ घामाने ओली.

कोकणात वजनापेक्षा हाच प्रश्न मोठा. मऊ, केसाळ कापडाचं ब्लँकेट दुकानात छान वाटतं आणि एप्रिलमध्ये अंगावर सहन होत नाही. वरचं कापड सुती हवं, आत काचेचे बारीक मणी. प्लॅस्टिकचे दाणे जाड असतात, त्यांनी ब्लँकेट फुगतं आणि कूस बदलली की खळखळतं. मणी एका कोपऱ्यात गोळा होऊ नयेत म्हणून शिवणीचे चौकोन छोटे हवेत. आणि काढता येणारी खोळ हवीच. अख्खं ब्लँकेट पाण्यात भिजलं की घरच्या मशीनच्या आवाक्याबाहेर जातं, आणि आषाढात पडवीत वाळत घातलं तर वाळण्याआधी बुरशी धरतं. त्यापेक्षा खोळ धुवा, ब्लँकेटला उघडीप मिळाली की ऊन दाखवा.

खरंच उपयोग होतो का? स्वीडनमध्ये १२० रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. नैराश्य, चिंता वगैरे आजारांसोबत निद्रानाश असलेली ही माणसं. चार आठवड्यांनंतर सहा-आठ किलोचं ब्लँकेट वापरणाऱ्यांचा निद्रानाश दीड किलोचं वापरणाऱ्यांपेक्षा बराच कमी झाला होता. पण आपण जड घेतोय की हलकं हे पांघरणाऱ्याला कळतंच, त्यामुळे मी या निकालावर फार उड्या मारत नाही. अंगावरच्या सारख्या दाबाने बऱ्याच जणांना शांत वाटतं, एवढं मात्र पाहते.

ताईंची जाग वेगळ्याच कारणाने होती. जहाजावरून मेसेज येईल म्हणून फोन उशाशी, आणि दोन निळ्या खुणा दिसेपर्यंत डोळे टक्क. त्यावर ब्लँकेट काय करणार? नवऱ्याशी बोलून त्यांनी ठरवलं, की त्याने जमेल तेव्हा आवाज रेकॉर्ड करून पाठवायचा आणि हिने तो सकाळी चहा घेताना ऐकायचा. फोन स्वयंपाकघरात गेला. हे अंगवळणी पडायला ब्लँकेटपेक्षा जास्त दिवस लागले.

शेवटी घेतलं ते पाच किलोचं, सिंगल, सुती खोळीचं. पावसात आणि थंडीत पूर्ण पांघरतात, उकाड्यात दुमडून फक्त मांड्यांवर. आता सासूबाईंनाही हवंय. त्यांना जुना मधुमेह, पायांना बधिरपणा. त्यांच्या डॉक्टरांनी पाय तपासून 'हो' म्हटल्याशिवाय मागवू नका, असं कळवलं आहे.