आधी एप्रिल बघ, मग दृश्य

चि. —
अनेक आशीर्वाद.

डोंगरात घरासाठी जागा घ्यायची म्हणून केलेली तुझी यादी वाचली. मुळशीच्या पश्चिमेला, डोंगरमाथ्यावर, समोर धरणाचं पाणी, आसपास दुसरं घर नको, एक एकर सलग. यादी नेटकी आहे, पण तिच्यातली एकही अट पाण्याची, रस्त्याची किंवा कागदाची नाही. या तिन्हींवर अडून बस, बाकीच्या सगळ्या अटी सैल कर, असं माझं म्हणणं. एजंट तुला नेमकं उलट करायला लावेल.

माथ्याचंच उदाहरण घे. सह्याद्रीचा दगड थराथरांचा. पावसाळ्यात कोसळलेलं बरंचसं पाणी उतारावरून निघून जातं, उरलेलं फटींतून झिरपत खाली कुठेतरी झऱ्यावाटे बाहेर पडतं. जुन्या वाड्या त्या झऱ्यांच्या आसऱ्याने बसल्या, माथ्यावर फार कुणी घर बांधलं नाही. घाटमाथ्यावर धो धो पावसाच्या गावांतही मे महिन्यात टँकर येतो तो यामुळेच. ‘बोअर मारू’ हे उत्तर ऐकलंस तर शेजारच्या बोअरला एप्रिलमध्ये किती पाणी असतं ते विचार, तेही विकणाऱ्याला नको, गुरं चारणाऱ्याला विचार.

शिवाय पश्चिमच का? महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पसरणी घाट उतरून वाईत आलं की तो त्याच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी होतो. गाडीने जेमतेम तासाभराचं अंतर. माथ्यावर चार महिने भिंतींना ओल, कपड्यांना बुरशी, गाडी चिखलात. इकडे पांडवगड समोर, कृष्णा जवळ आणि जुलैतही पायवाट चालण्याजोगी. धुकं हवं असेल तर सकाळी उठून वर जावं आणि जेवायला घरी यावं. भोरच्या पूर्वेकडची, जुन्नरची गावंही तू ‘रूक्ष’ म्हणून सोडून दिलीस. उन्हाळ्यात गेली असशील. सप्टेंबरात जा.

आता ‘आसपास घर नको’बद्दल. अशी एकटी जागा म्हणजे बहुतेक शेतजमीनच, आणि तुझ्या घरात कुणी शेतकरी खातेदार नाही. कुळकायद्याच्या कलम 63 प्रमाणे बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. ‘शेतकरी असल्याचा दाखला करून देतो’ म्हणणारा भेटेलच. त्याच्याकडचा चहासुद्धा घेऊ नकोस. पण गावठाणातलं, म्हणजे गावाच्या मूळ वस्तीतलं, घर ही शेतजमीन नाही. डोंगरातल्या कितीतरी गावांत मालक मुंबई-पुण्याला गेलेली, कौलं बसलेली, दगडी जोत्याची घरं पडून आहेत. तिथे वीज आलेली असते, रस्ता सगळ्या गावाचा असतो, पाण्याची काही ना काही सोय असते आणि रात्री साप निघाला तर हाकेला माणूस असतो. तू सहा महिने बाहेर असताना घरावर नजर ठेवणारंही कुणी असतं. गावठाणाला सातबारा नसतो, तेव्हा ग्रामपंचायतीचा नमुना 8 बघायचा. स्वामित्व या सरकारी योजनेत गावठाणाची मोजणी झाली असेल तर मालमत्ता पत्रकही मिळेल. नमुना 8 हा मुळात घरपट्टीचा कागद, मालकीचा पुरावा नव्हे. म्हणून जुनं खरेदीखत आणि वारसनोंदी मागच. एकांताचं मी काही म्हणत नाही, तो दार लावूनही मिळतो.

उताराबाबत मात्र मोकळं मन ठेवू नकोस. माळीण 2014, तळिये 2021, इर्शाळवाडी 2023, तिन्ही ठिकाणी दरडी कोसळल्या त्या जुलै महिन्यात. इर्शाळवाडी तर दरडप्रवण गावांच्या यादीतही नव्हती. म्हणजे यादी बघायचीच, पण तिच्यावर विसंबून राहायचं नाही. जागेच्या वरचा डोंगर चढून जा. जमिनीला भेगा आहेत का, झाडांचे बुंधे खालच्या बाजूला कललेत का, कुणी जेसीबी लावून उतार कापून सपाटी केली आहे का, ओढ्याची वाट बुजवली आहे का, हे बघ. प्लॉट पाडलेल्या ‘प्रोजेक्टां’मध्ये शेवटच्या दोन गोष्टी सर्रास दिसतात.

वाडवडिलांपासूनची वहिवाट आहे, असं रस्त्याबद्दल सगळेच सांगतात. गावनकाशावर ती दिसते का ते बघ आणि कुणाच्या बांधावरून जाते त्या माणसाला भेट. कागदांत सातबाऱ्याचा ‘इतर हक्क’ रकाना सगळ्यात आधी वाच. तिथे वनसंज्ञा (सरकारदरबारी जंगल ठरलेली जमीन) किंवा खाजगी वनाचा शेरा असेल, आदिवासी खातेदाराची जमीन असेल, भोगवटादार वर्ग 2 (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) असेल, तर तिथेच थांब आणि वकिलाला गाठ. मोजणी करून घेतल्याशिवाय विसार देऊ नकोस; डोंगरात खुणेचा दगड आणि कब्जा यांचं जमेलच असं नाही.

घाई तुला नाही, मग एक पावसाळा भाड्याने का राहत नाहीस? जूनमध्ये जा. वीज किती दिवस जाते, एसटी कुठवर येते, वानरं आणि डुकरं परसातलं काय शिल्लक ठेवतात आणि मुख्य म्हणजे तुला ते गाव आवडतं का, हे सगळं त्यात कळेल. भाडं वाया गेलं असं वाटलं तरी खरेदीच्या मुद्रांक शुल्कापेक्षा ते बहुधा कमीच असेल.

तू पाठवलेल्या सातबारा उताऱ्यांपैकी भोरकडचा मला बरा वाटला. पण त्यावर सहा नावं आहेत आणि एजंट एकाच भावाशी बोलतोय. बहिणींची नावं कधी लागली, की लागलीच नाहीत, ते फेरफारात, म्हणजे मालकी बदलाच्या नोंदीत, कळेल. तो काढून पाठव, मग बोलू.

तुझे,
काका