पाम तेल काढल्यावर उरलेल्या चोथ्याचं काय करतात?

बहुतेक सगळं वापरतात. आपल्या मुंबईत वडापावच्या कढईपर्यंत पोचतं ते नुसतं तेल, बाकी बरंचसं मलेशिया-इंडोनेशियातच राहतं, आणि ते बाकी काय थोडंथोडकं नाही कारण पामच्या फळांचे १०० किलो घड मिलमध्ये गेले की कच्चं तेल साधारण २० किलोच निघतं. गराचे तंतू आणि बियांची कवचं थेट बॉयलरमध्ये, त्याच वाफेवर पुढचे घड शिजवतात आणि टर्बाइन फिरवून वीजपण काढतात, म्हणजे मिल स्वतःच्याच कचऱ्यावर चालते म्हणा ना! जास्तीची कवचं जपानला वीजकेंद्रांसाठी जळण म्हणून जातात. फळं काढलेले रिकामे घड ओले असतात, नीट जळत नाहीत, मग ते बागेत झाडांच्या ओळींमध्ये पसरतात, त्यात पोटॅश भरपूर असल्यामुळे खताचा खर्च वाचतो. बीच्या गराचं तेल काढून उरलेली पेंड गुरांना. खरी डोकेदुखी सांडपाण्याची, दाट तपकिरी आणि गरम, ते उघड्या तळ्यात कुजलं की मिथेन हवेत जातो. तळं झाकून बायोगॅस काढता येतो, पण खर्चिक काम, म्हणून बरेच मिलवाले टाळतात.