पत्त्यांचा कट्टा : तीन पत्ती येते, मग पोकर का अडतो?

प्रश्न : आम्ही पाच मित्र दर दिवाळीत तीन पत्ती खेळतो. यंदा टेक्सास होल्डेम हा पोकरचा प्रकार शिकायला घेतला आणि पहिल्याच रात्री वाजलं. एकाचा सिक्वेन्स (ओळीने येणारी पानं), दुसऱ्याचा कलर (सगळी एकाच चिन्हाची), आणि म्हणे कलर मोठा! हे उलटं कसं? (विलेपार्ले)

उत्तर : जे दुर्मीळ ते मोठं, हा नियम दोन्हीकडे तोच आहे. पानं तीनाची पाच झाली की दुर्मीळ काय ते बदलतं. तीन पानांचे २२,१०० हात होतात. त्यात कलर १,०९६ आणि सिक्वेन्स अवघे ७२०. पाच पानांचे हात होतात २५,९८,९६०. तिथे सिक्वेन्स १०,२०० आणि कलर ५,१०८. ट्रेलचा (तीन सारख्या पानांचा) तोरा तर पोकरमध्ये पारच उतरतो. तो ५४,९१२ प्रकारे येतो, म्हणून सिक्वेन्सच्याही खाली. (तीन पत्तीत मात्र प्युअर सिक्वेन्स (एकाच चिन्हाचा सिक्वेन्स) ४८ आणि ट्रेल ५२, तरी ट्रेलच वर. तिथे गणितापेक्षा रिवाज चालतो.)

मोठ्याकडून लहानाकडे क्रम असा: स्ट्रेट फ्लश म्हणजे प्युअर सिक्वेन्स, चार सारखी, फुल हाउस म्हणजे तीन सारखी आणि एक जोडी, कलर, सिक्वेन्स, तीन सारखी, दोन जोड्या, एक जोडी, मोठं पान. कागदावर लिहून टेबलावरच ठेवा. अजून दोन खोडी आहेत. एक्का-दुर्री-तिर्री तीन पत्तीत बऱ्याच घरी दोन नंबरचा सिक्वेन्स असतो. पोकरमध्ये एक्क्यापासून पंजीपर्यंतचा सिक्वेन्स सगळ्यात लहान. आणि इस्पिक मोठं की बदाम, हा वाद इथे नाहीच. हातातली दोन आणि टेबलावरची पाच, अशा सात पानांतून उत्तम पाच निवडायची. ती पाच बरोबरीची निघाली तर पॉट, म्हणजे मध्ये जमलेली रक्कम, वाटून घ्यायचा. उरलेल्या दोन पानांकडे कोणी बघत नाही.

‘ब्लाइंड’ हा शब्दही फसवा आहे. तीन पत्तीत ब्लाइंड म्हणजे पानं न बघता चाल. पोकरमध्ये ती बटणाच्या (वाटणाऱ्यापुढच्या खुणेच्या) डावीकडच्या दोघांनी पानं वाटण्याआधीच टाकायची सक्तीची रक्कम : पहिल्याची लहान, दुसऱ्याची मोठी.

प्रश्न : दर शनिवारी दादरला सहा जण बसतो. ब्लाइंड १०-२०. बारा वाजले तरी चौघं खेळतच असतात, आणि माझी शेवटची कर्जत लोकल डोक्यावर. (बदलापूर)

उत्तर : तुम्ही ब्लाइंड वाढवत नाही आहात, दुसरं काही नाही. प्रत्येकाला १५०० द्या : दहाच्या १०, पन्नासच्या ८, शंभरच्या १० चिप्स. सहा जणांना १६८ चिप्स लागतील. नसतील तर चिंचोके, राजमा आणि काबुली चणे चालतात. दर २० मिनिटांनी ब्लाइंड बदला : १०-२०, २०-४०, ३०-६०, ५०-१००, १००-२००, १५०-३००, २००-४००, ३००-६००. दहाच्या चिप्स चौथ्या टप्प्याला बदलून काढून घ्या, नाहीतर पुढे नुसते ढीग मोजत बसाल. टेबलावर एकूण ९००० आहेत, म्हणजे शेवटच्या टप्प्याला सगळ्यांचे मिळून जेमतेम १५ मोठे ब्लाइंड उरतात. तिथे डाव फार रेंगाळत नाही. आठला बसलात तर साधारण पावणेअकराला उठाल.

प्रश्न : सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये पैसे लावून खेळलं तर? (मुलुंड)

उत्तर : नको. आपल्याकडचा १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा निव्वळ कौशल्याचे खेळ वगळतो, पण पोकर त्यात बसतो का यावर देशात एकवाक्यता नाही. पश्चिम बंगालच्या १९५७ च्या कायद्याने पोकरला नाव घेऊन जुगारातून वगळलं. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तो जुगार ठरवला. पैशांऐवजी हरणाऱ्याने भांडी घासावीत.

प्रश्न : चार बदाम जमले की मी शेवटपर्यंत जातो. पाचवं कधीतरीच येतं. नशीब की चूक? (ठाणे)

उत्तर : जाणं चूक नाही, किंमत न बघता जाणं चूक. हातात बदाम एक्का आणि सत्ती धरा. टेबलावर बदाम राजा, बदाम तिर्री, इस्पिक नश्शी, किलवर चौकी. तेरा बदामांपैकी चार दिसले, नऊ राहिले. न दिसलेली पानं ४६. म्हणजे साधारण पाचात एकदा कलर. पॉट २०० चा आणि समोरच्याने २०० लावले, तर असे पाच डाव खेळून बघा : चार वेळा मिळून ८०० गेले, एकदा ४०० आले. पानं टाका. त्याने ५० च लावले, तर चार वेळा मिळून २०० गेले आणि एकदा २५० आले. खुशाल जा.

३५ टक्क्यांचा आकडा ऐकला असेल. तो तीन पानं उघडल्यावरचा आहे, आणि पुढची दोन्ही पानं बघायला मिळाली तरच. मधल्या फेरीत पुन्हा चिप्स घालाव्या लागतात हे हिशेबातून सुटतं आणि तिथेच भोक पडतं. एक्क्याऐवजी सत्ती-पंजीचा कलर करत असाल तर आणखी जपा. कलर होतो, पण समोर त्याहून मोठा निघतो.

पोकरची खरी चव मात्र जागेत आहे, आणि तीन पत्तीवाल्यांना ती सगळ्यात उशिरा कळते. फ्लॉपनंतर, म्हणजे टेबलावरची पहिली तीन पानं उघडल्यावर, बटणावर बसलेल्याची पाळी सर्वांत शेवटी येते. सगळ्यांनी काय केलं ते बघून तो ठरवतो : सगळे गप्प बसले तर फुकट पुढचं पान बघतो, कोणी जोर लावला तर स्वस्तात सुटतो. सहा जणांच्या टेबलावर बोली सुरू करायची पाळी पहिली तुमचीच असेल, तर तीच एक्का-सत्ती एकरंगी असली तरी नवख्याने टाकावी. बटणावर असाल आणि आधीच्या सगळ्यांनी पानं टाकली असतील, तर तिच्यावर रेझ करावा, म्हणजे बोली वाढवावी.