नैरोबीत २ रात्री राहायचंय, सीबीडीतलं, म्हणजे शहराच्या मध्यवर्ती व्यापारी भागातलं, मध्यम बजेटचं हॉटेल घेऊ का?

हो घ्या, फक्त रूम मागच्या बाजूची आणि वरच्या मजल्यावरची मागून घ्या, कारण रस्त्याकडच्या खोलीत मटाटू म्हणजे तिथल्या खाजगी मिनीबसचे हॉर्न आणि गाणी रात्री उशिरापर्यंत ऐकू येतात, मी कामानिमित्त राहिलोय तिथे, पहिली रात्र जागूनच काढली. एसी नसला तरी चालेल, शहर जवळपास १,८०० मीटर उंचीवर आहे, जुलैत तर रात्री ब्लँकेट लागतं, त्यापेक्षा गरम पाणी चोवीस तास आहे का ते विचारा. प्लग तीन चपट्या पिनांचा, अडॅप्टर इथूनच न्या. एकच सांगतो, अंधार पडल्यावर दोन गल्ल्या जायचं असलं तरी पायी नको, विशेषतः रिव्हर रोडकडे, रिसेप्शनला सांगून टॅक्सी बोलवा.